संप असलेल्या फिश टँकसाठी रिटर्न पंप कसा निवडावा: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगेकाठच्या उसाला पाणी उपसायचं असलं की शेतकरी दुकानात जाऊन आधी तीन गोष्टी सांगतो. नदीपासून शेत किती उंच आहे, पाइपलाइन किती लांब जाणार आहे आणि पाइप किती इंची आहे. मोटर त्यावरून ठरते. तोच माणूस फिश टँकसाठी पंप घेताना मात्र खोक्यावरचा लिटरचा आकडा बघून पैसे मोजतो. माझ्या घरी संपवाला, म्हणजे खाली स्टँडमध्ये फिल्टरची वेगळी टाकी असलेला, चार फुटी टँक बरीच वर्षं आहे आणि पहिला पंप मीही असाच खोका बघून आणला होता. त्यानंतर ज्यांचे टँक लावून दिले, त्यांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत.

रिटर्न पंप नेमकं काय करतो?

वरच्या टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोवरून, म्हणजे टँकच्या वरच्या बाजूला केलेल्या वाटेने, आपल्या वजनाने खाली संपात उतरतं, फिल्टर होतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. उतरायला वीज लागत नाही, चढवायला लागते. पंप जेवढं वर देईल तेवढंच खाली येईल. पाणी खाली ओढायचं काम पंप करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या.

खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलंय. टँकमध्ये त्याच्या निम्मंच पाणी येतंय. दुकानदाराने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. तो आकडा उंची शून्य असतानाचा असतो, म्हणजे पंपाच्या तोंडाशी ना पाइप, ना एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड), ना चढ. त्याच खोक्यावर दुसरा आकडा असतो, कमाल उंचीचा, समजा ३ मीटर. त्याचा अर्थ 'हा पंप ३ मीटरवर पाणी देतो' असा नाही. ३ मीटरवर पाइपात पाणी नुसतं उभं राहतं, तोंडातून थेंबही पडत नाही. आपला टँक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो.

चांगल्या कंपन्या उंची आणि प्रवाह यांचा आलेख देतात. तो मिळाला तर डोळे झाकून त्यावर विश्वास ठेवा. नसेल तर दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ मनात ओढा. दीड मीटरवर, म्हणजे निम्म्या उंचीवर, ३००० चे साधारण १५०० लिटर धरा. खरा आलेख सरळ नसतो, पण खरेदीला एवढा अंदाज पुरतो.

म्हणून लिटर बघायच्या आधी उंचीचा आकडा बघा. ताशी २००० लिटरचे दोन पंप शेजारी ठेवलेत, एकाची कमाल उंची २ मीटर आणि दुसऱ्याची ३. दीड मीटरवर पहिला जेमतेम ५०० लिटर देईल, दुसरा १००० च्या आसपास. खोक्यावरचे लिटर तेच, टँकमधलं पाणी दुप्पट.

उंची कुठून कुठपर्यंत मोजायची?

संपातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या टँकच्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. पंप संपाच्या तळाशी ठेवलाय म्हणून तळापासून मोजू नका, पंपाच्या वरचं पाणी त्याला मदतच करत असतं. रिटर्नचा पाइप काठावरून वळून पाण्यात बुडत असेल तर एक बारकावा आहे: सुरू होताना पंपाला पाणी त्या वळणाच्या माथ्यापर्यंत चढवावंच लागतं. जेमतेम तेवढ्याच ताकदीचा पंप घेतला तर तो इथेच अडकतो आणि लाईट येऊनही टँक बंदच राहतो.

मला ताशी किती लिटर लागतं?

टँकच्या पाण्याच्या तिप्पट ते पाचपट, तेही प्रत्यक्ष वर पोहोचणारं. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना अशी जास्त घाण करणारी मोठी मासळी असेल तर पाचच्या पुढे जा. झाडांचा टँक असून कार्बन डायऑक्साइड देत असाल तर तीनच्या जवळ राहा, कारण ओव्हरफ्लोवर जितकं पाणी आपटेल तितका वायू उडून जातो. समुद्री टँकमध्ये प्रवाळांना लागणारी लाट रिटर्न पंपातून काढायचा प्रयत्न करू नका. ते काम वेव्हमेकर, म्हणजे टँकच्या आत बसवून पाणी ढवळणारा पंप, त्याहून कमी विजेत करतो.

'जास्त पाणी फिरलं तर जास्त स्वच्छ' हा समज मी अनेक टँकवर पाहिलाय. एका मर्यादेनंतर फक्त आवाज, बुडबुडे आणि बिल वाढतं.

एक हिशोब करून दाखवा ना.

आपल्याकडे सर्रास दिसणारा टँक घेऊ: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर मावतात, म्हणजे सुमारे २५५ लिटर. वरची मोकळी जागा, काच, खडी वजा करून २२० धरू. पाचपट म्हणजे ताशी ११०० लिटर.

स्टँड अडीच फूट उंच, म्हणजे ७५ सेंटीमीटर. त्यावर टँकचे ४५. एकूण १२०. संपात पाणी २० सेंटीमीटर आहे, ते वजा केलं की चढ राहिला १ मीटर. आता पाइपातलं घर्षण, दोन-तीन एल्बो आणि एक व्हॉल्व्ह यांचा अर्धा मीटर मिळवा. झाला दीड मीटर. तीन मीटर कमाल उंचीचा, ३००० लिटरचा पंप इथे १५०० देईल. ११०० हवेत, म्हणजे हाताशी थोडं राखीव आहे, जे पंप गाळाने जड झाल्यावर कामी येतं. जास्तीचं पाणी व्हॉल्व्हने आवळा. व्हॉल्व्ह नेहमी पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या पाइपावर. पंपाची ओढ कधीही आवळू नका.

बसवल्यावर मोजा. टँकच्या काठावर, त्याच उंचीवर, रिटर्नचं पाणी बादलीत घ्या. २० लिटरची खूण गाठायला ४० सेकंद लागले तर ताशी १८०० लिटर. ५० लागले तर १४४०. मोबाइलमधलं घड्याळ पुरे.

ओव्हरफ्लोचा पाइप एक इंची आहे. मोठा पंप लावला तर?

टँक काठावरून वाहील. हवा ओढत, न गुरगुरता चालणारा एक इंची ड्रेन (ओव्हरफ्लोचं पाणी खाली नेणारा पाइप) ताशी साधारण २००० लिटरच्या आसपास नेतो. सायफनसारखा पूर्ण भरून चालला तर बराच जास्त नेतो, पण त्या भरवशावर पंप निवडू नका. आधी ड्रेन किती पाणी नेतो ते ठरवा, मग त्याच्या आतला पंप घ्या. काचेला भोक पाडायचं अजून बाकी असेल तर दोन भोकं पाडून घ्या, दुसरी वाट अडीअडचणीची. तयार टँकला नंतर भोक पाडणं जोखमीचं आहे, आणि टफन काचेला तर पाडताच येत नाही.

लाईट गेली की संप भरून फरशीवर पाणी येतं. पंप खराब आहे का?

पंप ठीक आहे. मांडणी चुकली आहे. माझ्या मते पंपाच्या निवडीइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते आणि पावसाळाभर ये-जा करते.

पंप थांबला की दोन गोष्टी होतात. ओव्हरफ्लोच्या काठावरच्या दातांवरून वाहत असलेलं पाणी खाली उतरतं. आणि रिटर्नच्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होऊन टँक उपसायला लागतो, तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत.

वरच्याच टँकचा हिशोब. चार बाय दीड म्हणजे ६ चौरस फूट. पाणी एक इंच उतरलं की सुमारे १४ लिटर खाली आले. रिटर्नचं तोंड दोन इंच खोल असेल तर २८ लिटर. सहा इंच खोल असेल तर ८५. आता संप अडीच फूट बाय एक फूट धरा, त्यात एका इंचाला ६ लिटरच मावतात. २८ लिटरला जवळजवळ पाच इंच मोकळी जागा लागेल. ८५ लिटरला चौदा इंचांहून जास्त, आणि एवढी जागा त्या संपात नसतेच.

उपाय साधा आहे. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ आणा, किंवा पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या इंचावर पाइपाला छोटं भोक पाडा, म्हणजे पाणी तिथवर उतरताच हवा आत जाऊन सायफन तुटेल. त्या भोकात शेवाळ बसतं, गोगलगाय बसते. दर आठवड्याला काच पुसताना टूथपिकने साफ करा.

टँक पहिल्यांदा भरला की स्वतः प्लग काढा आणि संपाशेजारी बसून पाणी कुठे थांबतं ते बघा. जिथे थांबलं तिथून दोन बोटं तरी काठ वर राहिला पाहिजे. मग परत प्लग लावा. चालू असतानाच्या पातळीवर काचेला मार्करने खूण करा आणि पुढे कधीही त्या खुणेच्या वर पाणी भरू नका.

त्यापेक्षा एनआरव्ही बसवला तर काम भागेल ना?

एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा, पण त्याच्यावर विसंबू नका. विहिरीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली की पाइप रिकामा होतो, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. इथे काडीच्या जागी वाळूचा एक कण पुरतो. शिवाय एनआरव्ही प्रवाहही खातो.

आणि ड्रेनमध्येच पान अडकलं तर?

मग उलटं होतं. संपातलं पाणी वर जात राहतं, खाली येत नाही, आणि टँक काठोकाठ भरतो. इथे वाचवते ती पंपाच्या कप्प्याची, म्हणजे संपात पंपासाठी काच लावून वेगळ्या केलेल्या भागाची, मर्यादा. वरच्या उदाहरणातल्या संपात पंपाचा कप्पा नऊ इंच बाय एक फूट आणि पाणी सात इंच असेल तर त्यात साधारण १२ लिटर आहेत. टँकच्या काठाखाली एक इंच जागा मोकळी सोडली असेल तर तिथे १४ मावतात. पंप आपला कप्पा रिकामा करून हवा ओढत बसेल, पण फरशी कोरडी राहील. कप्पा मोठा केलात तर हे गणित बिघडतं.

पण कप्पा लहान ठेवला की दुसरी काळजी येते. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते फक्त याच कप्प्यात दिसतं. एप्रिल-मेमध्ये, वर पंखा लावलेला असेल तर, रोज दोन-तीन लिटर सहज उडतात, म्हणजे या कप्प्यात दीड इंच. दोन-तीन दिवस गावाला गेलात की पंप कोरडा. फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा, तरंगत्या गोळ्याचा नळ) आणि वर एक भरलेला कॅन ठेवा, किंवा शेजारच्या काकूंना रोज एक तांब्या ओतायला सांगून जा. मी दोन्ही केलंय. समुद्री टँकमध्ये उडालेलं पाणी गोड्याच पाण्याने भरायचं असतं, कारण मीठ उडत नाही.

पाइप किती इंची घेऊ? पंपाचं तोंड अर्ध्या इंचाचं आहे.

तोंडाला अडाप्टर लावून पुढचा पाइप एक नंबर मोठा घ्या. अर्ध्याचा पाऊण, पाऊणचा एक इंची. तेवढंच पाणी पाऊण इंचीऐवजी अर्ध्या इंचीतून ढकललं तर घर्षण सुमारे सात पट होतं. यूपीव्हीसीचा पाइप, कमीत कमी एल्बो, आणि जिथे जमेल तिथे एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड किंवा लवचिक नळी. पंपाजवळ एक युनियन, म्हणजे फिरवून सुटा करता येणारा जोड, हवाच, नाहीतर सफाईच्या दिवशी पाइप कापावा लागतो. यातलं सगळं प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. सोल्यूशनने चिकटवल्यावर दिवसभर वाळू द्या आणि मासे सोडण्याआधी साध्या पाण्याने लाइन धुऊन घ्या.

लोखंडाची किंवा पितळेची फिटिंग टँकच्या पाण्यात नको. तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांच्या जिवावर उठतं, आणि पितळात तांबंच असतं.

एसी पंप घेऊ की डीसी?

एसी पंप स्वस्त, साधा, थेट प्लगमध्ये. वेग एकच. डीसी पंपाला अडाप्टर आणि कंट्रोलर लागतो, किंमत जास्त, पण वेग कमी-जास्त करता येतो, मासे जेवताना दहा मिनिटं थांबवता येतो आणि आवाज बराच कमी असतो. टँक झोपायच्या खोलीत असेल तर मी डीसीच सांगेन.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पंपाचा वेग निम्मा केला की उंची गाठायची ताकद निम्मी नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. चार मीटरचा डीसी पंप निम्म्या वेगाने फक्त एक मीटर गाठतो, म्हणजे वरच्या आपल्या टँकमध्ये त्याचं पाणी पोहोचणारच नाही. 'मोठा घेऊन कमी वेगावर चालवतो' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. कंट्रोलर संपाच्या वर, वाफ लागणार नाही असा ठेवा. समुद्री टँक असेल तर स्टँडच्या बाहेरच.

अमेरिकेतून भाऊ पंप आणतोय. चालेल?

तिथला एसी पंप ११० ते १२० व्होल्टचा आणि ६० हर्ट्झचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. नका आणू. डीसी पंपाचा अडाप्टर १०० ते २४० व्होल्टचा असेल तर चालतो. परदेशी व्हिडिओत सांगितलेले आकडे गॅलनमध्ये असतात, त्यांना ३.७८५ ने गुणा.

घरी टुल्लू पंप पडून आहे. आणि कूलरचाही आहे.

दोन्ही नकोत. टुल्लू टाकी भरायला वीस मिनिटं चालवायचा असतो, चोवीस तास नाही. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दिवसाला नऊ युनिटच्या आसपास खाते, आत धातूचे भाग असतात आणि आवाजाने घर डोक्यावर घेते. कूलरचा पंप विजेला हलका आहे, पण त्याची उंची कमी, इन्सुलेशन बेताचं, आणि स्क्रू गंजतात. मासे आणि हात एकाच पाण्यात असताना तिथे पैसे वाचवू नयेत.

वीजबिल किती येईल?

४० वॅटचा पंप महिन्याला सुमारे २९ युनिट. २० वॅटचा १४-१५. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे आणि ३०० च्या पुढे दर चढतो, म्हणून तुमचं बिल त्या रेषेवर असेल तर पंपाचे वॅट खरंच मोजावे लागतात. स्वस्त पंप ७० वॅटमध्ये जे पाणी देतो ते चांगला ३५ मध्ये देत असेल, तर किंमतीतला फरक बिलातून वसूल होतो. खोक्यावर लिटरच्या शेजारी वॅट वाचायची सवय लावा.

पाण्यात बुडालेल्या पंपाचे जवळजवळ सगळे वॅट शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरतात. थंडीत बरं, मे महिन्यात नाही.

लाईट गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालवू का?

साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चालवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतो आणि तापतो. चाळीस वॅटचा भार घरच्या मोठ्या बॅटरीवर बराच वेळ निघतो.

लांबलेल्या अंधाराची तयारी वेगळी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती आणि नळालाही पाणी नव्हतं. पाणी बदलणं शक्यच नव्हतं. अशा वेळी बॅटरीवरचा छोटा एअर पंप मासे वाचवतो, रिटर्न पंप नाही. खाणं पूर्ण बंद करा, निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात. एअर पंपाचा एक एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) वर, एक संपातल्या मीडियात, म्हणजे फिल्टरच्या साहित्यात. मीडियातल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. लाईट आल्यावर संपाचं पाणी आधी हुंगा. कुजका वास असेल तर ते पाणी फेकून, मीडिया टँकच्या पाण्यात हलका विसळून मगच पंप लावा.

लाईट येते, पण पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही.

इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्यावर, क्षार किंवा गाळ बसलाय, किंवा शाफ्टची भोकं झिजलीत. फिरत असतो तोवर कळत नाही, थांबला की कळतं. म्हणून महिन्यातून एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करून बघा, तेही तुम्ही घरी असताना. दोन-तीन महिन्यांनी इंपेलर काढा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर त्याहून लवकर. सिरॅमिकचा शाफ्ट सरळ ओढा. वाकवलात की तुटतो.

कुठल्या कंपनीचा घेऊ?

बाजारात सोबो, सनसन, जेबाओ, एहाइम अशी नावं दिसतील. नावापेक्षा मी दुकानदाराला एकच विचारतो: याचा इंपेलर सुटा मिळतो का? 'मागवून देतो' म्हणाला तर इंपेलर पंपाबरोबरच मागवून घरात ठेवा. सुटा मिळतच नसेल तर तो पंप नको.

आवाज आणि बारीक बुडबुडे येतात.

पंपाखाली स्पंजचा तुकडा, आणि पंप व पाइपाच्या मधे चार बोटं सिलिकॉनची नळी. थरथर तिथेच मरते. पंप संपाच्या काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे येत असतील तर आधी कप्प्यातलं पाणी बघा, बहुतेक वेळा तेच कमी झालेलं असतं.

हात घालण्याआधी प्लग काढायलाच हवा का?

हो, दर वेळी. टँकच्या बोर्डाला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोका घेऊन मग वर जाऊ दे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकेल.

नवा पंप बसवला. जुन्याचं काय करू?

चालू असेल तर धुऊन, वाळवून, इंपेलरसकट डब्यात ठेवा. पाणी बदलताना पिंपातलं मुरलेलं पाणी वर चढवायला तो उत्तम. आणि रविवारी रात्री, दुकानं बंद असताना, नवा पंप थांबला तर सोमवारपर्यंत तोच टँक चालवेल. डब्यावर त्याची कमाल उंची आणि वॅट लिहून चिकटवा. खोका तोवर हरवलेला असतो.